कळलावीचा कंद: लेप लावणं आणि पोटात घेणं यात काही फरक आहे की नाही?

अग्निशिखा (धागाकर्ती)
नातेवाइकांच्या ग्रुपवर परवा एक संदेश आला. "कळलावीचा कंद उगाळून चिमूटभर मधातून घ्या, सांधे मोकळे होतात." खाली सतरा अंगठे! म्हणून हा धागा.

कळलावी मलाही आवडते. पानाचं टोकच वळून त्याचा तणावा होतो आणि त्याच्या आधाराने ती कुंपणावर चढते. फूल आधी हिरवट, मग पिवळं, शेवटी लालभडक, पाकळ्या मागे उलटलेल्या. पण प्रसूतीच्या कळा आणते म्हणून जिचं नाव कळलावी, ती 'निर्धोक घरगुती उपाय' कधीपासून झाली? सुश्रुतसंहितेत बाळंतपणात वार (नाळेचा गोळा) अडकली तर लांगलीच्या मुळाचा कल्क, म्हणजे वाटलेला लगदा, हातापायांच्या तळव्यांना लावायला सांगितलंय. लांगली म्हणजे हीच. तळव्यांना लावायचा, चाटायचा नाही. लेपाचं चाटण आपण केलं आणि वर त्याला परंपरा म्हणतो.

काष्ठौषधी
साफ असहमत. लांगलीची गणना उपविषांत होते, म्हणजे ती विषारी आहे हे जुन्या वैद्यांना तुमच्याआधी माहीत होतं. म्हणूनच शोधन, म्हणजे विष उतरवायची प्रक्रिया, आलं: कंदाचे तुकडे गोमूत्रात भिजवायचे, धुऊन वाळवायचे, मगच औषधात. एका अडाणी मेसेजवरून अख्ख्या शास्त्राला झोडपू नका. आणि गाऊटवर (युरिक ॲसिडमुळे सांधे सुजतात त्या दुखण्यावर) डॉक्टर जे कोल्चिसिन देतात, ते ह्याच वेलीचं. वेलीकडून घ्यायचं आणि वर वेलीलाच नावं ठेवायची!

पावशेर
अर्धंच बरोबर. कोल्चिसिन पेलेतिए आणि काव्हाँतू यांनी १८२० मध्ये वेगळं केलं, ते कोल्चिकम नावाच्या दुसऱ्याच कंदवनस्पतीपासून. युनानीतलं सुरंजान त्याच कुळातलं. कळलावीतही तेच द्रव्य आहे हे पुढे कळलं. आज तमिळनाडूत तिची शेती होते ती मुख्यतः बियांसाठी, कोल्चिसिन काढायला.

मी गाऊटचा जुना गिऱ्हाईक. माझी गोळी अर्ध्या मिलिग्रॅमची. मागे घशासाठी क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक द्यायची वेळ आली तेव्हा डॉक्टरांनी आधी ही गोळी थांबवली, कारण दोन्ही एकत्र घेतली की कोल्चिसिन अंगात साठत जातं. आता सांगा, कंदावर मिलिग्रॅम छापलेले असतात का? आणि गोमूत्रात भिजवून किती गेलं, किती उरलं, हे घरी कशाने मोजायचं?

काष्ठौषधी
घरी मोजा कोण म्हणालं? वैद्याकडे जा म्हणतोय.

वेलबुट्टी
आमची आजी उवांवर ह्याच्या पाल्याचा रस लावायची. आम्ही सगळी नातवंडं धडधाकट आहोत. उगाच बाऊ करताय.

दवबिंदू
वेलबुट्टी, डोक्यावर लावलेलं आणि गिळलेलं यात फरक आहे, धागा त्यावरच तर आहे. (डोकं खाजवून सोललेलं असताना मी रससुद्धा लावणार नाही, ते सोडा.)

मी परिचारिका आहे. रताळं समजून हा कंद खाल्लेला एक माणूस आमच्या वॉर्डात होता. खाल्ल्यावर काही तास त्याला काहीच झालं नाही. "मला तर पचलं" असं वाटायला लावणारे हेच ते तास. मग घशात आग, उलट्या, पटकीसारखे जुलाब. घरच्यांना वाटलं, शिळं खाल्लं असेल. खरी पडझड दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सुरू झाली: रक्तातल्या पेशी घटल्या, मूत्रपिंडं मंदावली. तो वाचला. दोनेक आठवड्यांनी उशीवर केसांचे पुंजके सापडू लागले, तेव्हा त्याची बायको जास्त घाबरली.

कोल्चिसिन पेशींचं विभाजन अडवतं. आतडं, अस्थिमज्जा, केसांची मुळं, जिथे सतत नव्या पेशी लागतात तिथे त्याचा मार जास्त. टोचावा असा उतारा आमच्या हाताशी नव्हता, फक्त सलाईन आणि पहारा. आणि मेसेजात गरोदर बाईंबद्दल एक अक्षर नाही? नावातच कळ आहे हो!

वेलबुट्टी
बरं, पोटात घेण्याचं मी म्हटलंच नव्हतं. साप-विंचवावर कंद उगाळून लावतात, त्याचं काय?

दवबिंदू
साप चावला तर प्रतिविषाचं इंजेक्शन आहे. कंद उगाळण्यात गेलेला अर्धा तास परत मिळत नाही.

काष्ठौषधी
दवबिंदूताई, तुमचा अनुभव नाकारत नाही. पण त्या माणसाने औषध नाही, अशुद्ध कंद खाल्ला होता, तोही चुकून. त्याचं खापर शास्त्रावर नको. अग्निशिखा, तो मेसेज मला पाठवा, त्याला उत्तर मीच लिहितो.

अग्निशिखा
पाठवला. वैद्याने लिहिलेलं आमचे काका ऐकतील, माझं नाही ऐकत. फक्त शोधनाची कृती त्यात घालू नका. लोक सुट्टीच्या दिवशी घरी करून बघतील.

काष्ठौषधी
कृती लपवायची? हे मात्र मला मान्य नाही.