पिक्चरमधला खुनी नेहमी मनोरुग्णच का?

कर्वेनगरकर: काल घरी एक थ्रिलर बघत होतो, शेवटी तेच, खुनी कोण तर मनोरुग्ण. माझा मोठा भाऊ शेजारी बसलेला, त्याला स्किझोफ्रेनिया आहे, 19 वर्षं झाली. काही न बोलता आत गेला आणि रात्री गोळ्या घेताना म्हणाला, "मी असं काही करेन असं वाटतं का रे तुम्हाला?" औषधांनी त्याचा हात थरथरतो, म्हणून आम्ही त्याला चहा मोठ्या मगात अर्धाच देतो, सांडला की तो दिवसभर चहा मागत नाही. हे कधी दाखवणार?

पिक्चरबाज: भावाचं वाचून वाईट वाटलं, पण सिनेमा म्हणजे आरोग्य खात्याची जाहिरात नाही ना. 'जोकर' (2019) वर पण हीच ओरड झाली, त्यात सरकारी निधी बंद झाल्यामुळे नायकाचं समुपदेशन आणि गोळ्या बंद होतात ते कोणी बोलतच नाही. मला त्याची भीती नाही वाटली, व्यवस्थेचा राग आला.

कोथरूडची लेक: तुम्हाला राग आला, बाकीच्यांच्या डोक्यात बंदूकच राहते. माझ्या आईला डिप्रेशनमध्ये डॉक्टरांनी शॉक ट्रीटमेंट सांगितली तर आम्ही तीन आठवडे नको नको करत बसलो, कारण डोळ्यासमोर पिक्चरमधला सीन, हातपाय बांधलेले आणि माणूस किंचाळतोय. प्रत्यक्षात भूल दिली, थोड्या वेळाने बाहेर आणलं, दुपारी वरणभात जेवली. भूल आणि स्नायू सैल करायचं औषध न देता शॉक द्यायला 2017 च्या कायद्याने बंदी आहे, पडद्यावर मात्र अजून किंचाळ्याच. ते तीन आठवडे आई भिंतीकडे तोंड करून पडून होती हो.

पिक्चरबाज: शॉकचं मान्य, तिथे आळशीपणाच आहे. पण नीट केलेलं बघतं कोण? डिप्रेशनवरच्या 'कासव'ला सुवर्णकमळ मिळालं, तुमच्या सोसायटीत किती जणांनी पाहिलाय विचारा.

कर्वेनगरकर: कोणी बघत नाही म्हणून खोटं दाखवायचं का? आणि 'कासव'चे दिग्दर्शक सुमित्रा भावे-सुनील सुकथनकर इथलेच, पुण्याचे, त्यांनी 2004 मध्येच 'देवराई' केला, स्किझोफ्रेनिया झालेला भाऊ आणि त्याला सांभाळताना दमणारी बहीण. मी अजून पाहिला नाहीये, हिंमत होत नव्हती. आज भावाला विचारलं बघायचा का, तर म्हणाला, आधी तू बघ, त्यात तो कुणाला मारत नसेल तर मला बोलव.