अ‍ॅरिझोनात प्रमाणपत्र परीक्षेची फी चालते

‘शाळेला दिलेल्या पैशांवरची करसवलत फक्त खेळ, बँड आणि सहलींना, सीटीईला (करिअर अँड टेक्निकल एज्युकेशन, म्हणजे शाळेतलं व्यवसायशिक्षण) काही नाही’ असं एक मत मांडलं जातं, ते अ‍ॅरिझोनाच्या बाबतीत मला पटत नाही. अख्खा अभ्यासक्रम त्यात बसत नाही, हे मान्य. पण तिथल्या पब्लिक स्कूल टॅक्स क्रेडिटच्या (सरकारी शाळेला दिलेले पैसे करातून वजा करून देणाऱ्या सवलतीच्या) यादीत सीटीईच्या इंडस्ट्री सर्टिफिकेशन परीक्षेची, म्हणजे त्या व्यवसायाचं प्रमाणपत्र देणाऱ्या परीक्षेची, फी स्पष्टपणे आहे. वेल्डिंग, नर्सिंग असिस्टंट असं काही शिकणाऱ्या मुलांची खरी अडचण बहुतेकदा तीच फी असते, म्हणून हा मुद्दा इथे यायलाच हवा. एकट्या करदात्याला 200 डॉलर, जोडप्याने एकत्र रिटर्न भरलं तर 400 डॉलरपर्यंत थेट राज्याच्या आयकरातून वजा होतात. मूल त्या शाळेत असण्याचीही अट नाही, त्यामुळे फीनिक्सकडच्या आपल्या मंडळींपैकी ज्यांना मुलं नाहीत त्यांनीही जरूर पैसे द्यावेत.

पैसे मात्र शाळेकडेच भरा आणि पावती घ्या. परीक्षा घेणाऱ्या संस्थेला परस्पर दिलेत तर क्रेडिट मिळत नाही. शिवाय हे क्रेडिट रिफंड म्हणून हातात येत नाही. कर कमी पडला तर उरलेली रक्कम पुढची 5 वर्षं वापरता येते.