स्थानिक मनुष्यबळ विकास मंडळावर सदस्य म्हणून जाण्यापूर्वी: तेथे अधिकार नेमके कोणाचे असतात?

लघुउद्योजक (विचारणा)

नमस्कार. अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागातील एका काउंटीत (आपल्याकडच्या जिल्ह्यासारख्या विभागात) माझा धातूचे सुटे भाग बनवणारा लहान कारखाना आहे. आमच्या भागातील व्यापारी संघटनेने स्थानिक मनुष्यबळ विकास मंडळावरील, म्हणजे रोजगार आणि प्रशिक्षणाच्या सरकारी निधीशी संबंधित मंडळावरील, उद्योजकांच्या जागेसाठी माझे नाव सुचवले आहे. हे काम महत्त्वाचे आहे असे मी मनापासून मानतो, कारण कुशल यंत्रचालक मिळत नाहीत ही अडचण मी रोज अनुभवतो, आणि काम शोधणारी माणसे याच गावात आहेत हेही मला दिसते.

मात्र नियुक्तीपूर्वी आलेली कागदपत्रे वाचून माझा गोंधळ वाढला. त्यांत मंडळ, मुख्य निर्वाचित अधिकारी, फिस्कल एजंट, वन-स्टॉप ऑपरेटर आणि कार्यकारी संचालक असे पाच वेगवेगळे उल्लेख आहेत, आणि जवळजवळ प्रत्येकाविषयी ‘जबाबदार’ हा शब्द वापरलेला आहे. मंडळ हे निर्णय घेणारे आहे की केवळ सल्ला देणारे? पैसा कोणाच्या नावावर येतो आणि चूक झाल्यास तो कोणी भरून द्यायचा? आणखी एक वैयक्तिक शंका आहे. गेल्या वर्षी माझ्या कारखान्याने दोन कामगारांना प्रत्यक्ष कामावरील प्रशिक्षण योजनेखाली घेतले आणि प्रशिक्षणकाळातील त्यांच्या निम्म्या वेतनाची भरपाई मला याच निधीतून मिळाली. अशा माणसाने मंडळावर बसणे योग्य आहे का? जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

मंडळ सदस्य (उत्तर)

मी दुसऱ्या एका राज्यात सहा वर्षे उद्योजकांच्या जागेवर आहे, त्यामुळे आपला गोंधळ मला परका वाटत नाही. या मंडळांचा आजचा आधार म्हणजे 22 जुलै 2014 रोजी स्वाक्षरी झालेला वर्कफोर्स इनोव्हेशन अँड ऑपॉर्च्युनिटी अ‍ॅक्ट, ज्याला सगळे ‘वायोआ’ म्हणतात. त्याआधी 1998 चा कायदा होता आणि त्याच्याही आधी, 1982 च्या कायद्याखाली, ‘प्रायव्हेट इंडस्ट्री कौन्सिल’ होत्या. उद्योजकांचे बहुमत हे तत्त्व तेव्हापासून चालत आले आहे. प्रशिक्षणाचा पैसा सरकारचा असला तरी नोकऱ्या ज्यांच्याकडे आहेत त्यांनी गरज सांगावी, हा त्यामागील विचार आहे.

रचना अशी आहे. गव्हर्नर, म्हणजे राज्याचे निर्वाचित प्रमुख, राज्याचे स्थानिक क्षेत्रांत विभाजन करतात. एका क्षेत्रात एकच काउंटी असू शकते किंवा अनेक. त्या क्षेत्राचा मुख्य निर्वाचित अधिकारी, म्हणजे कोठे महापौर तर कोठे काउंटीच्या निर्वाचित मंडळाचा अध्यक्ष, सदस्यांची नियुक्ती करतो. अनेक काउंट्या एकत्र असतील तर त्यांच्या निर्वाचित प्रतिनिधींनी आपापसांत लेखी करार करून कोणी कशी नियुक्ती करायची ते ठरवायचे असते. झालेल्या मंडळाला गव्हर्नर दर दोन वर्षांनी प्रमाणित करतात. गैरव्यवहार झाला, कर्तव्ये पार पाडली गेली नाहीत किंवा सलग दोन कार्यक्रम-वर्षे उद्दिष्टे गाठता आली नाहीत, तर ते प्रमाणपत्र काढूनही घेता येते.

सदस्यांपैकी निम्म्याहून अधिक उद्योजक असावे लागतात आणि त्यांत किमान दोन लघुउद्योगांचे प्रतिनिधी हवेत. किमान वीस टक्के सदस्य कामगारांच्या बाजूचे असतात: कामगार संघटनांचे प्रतिनिधी, शिकाऊ उमेदवारी कार्यक्रमाचा प्रतिनिधी आणि हवे असल्यास रोजगारातील अडथळ्यांवर काम करणाऱ्या सामाजिक संस्था. याशिवाय प्रौढ शिक्षण, उच्च शिक्षण, आर्थिक विकास, राज्याची रोजगार सेवा आणि अपंगांचे व्यावसायिक पुनर्वसन या क्षेत्रांतून प्रत्येकी निदान एक जण लागतो. या शेवटच्या पाच जागा पाच वेगळ्या माणसांना दिल्या आणि प्रमाणे जुळवली की संख्या साधारण एकोणिसावर जाते: दहा उद्योजक, चार कामगार प्रतिनिधी आणि पाच इतर. एखादा सदस्य दोन गटांचे निकष पूर्ण करत असेल तर संख्या कमी होऊ शकते, पण बहुतेक मंडळे यापेक्षा मोठीच असतात. अध्यक्ष मात्र उद्योजक सदस्यांमधूनच निवडला जातो, हे आपण ध्यानात ठेवावे, कारण दोन-तीन वर्षांत ती विनंती आपल्याकडे येऊ शकते.

आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे की मंडळ सल्लागार नाही. चार वर्षांची स्थानिक योजना मुख्य निर्वाचित अधिकाऱ्याच्या भागीदारीत तयार करणे, श्रमबाजाराचा अभ्यास करणे, ‘अमेरिकन जॉब सेंटर’ (काम शोधणाऱ्यांना मदत करणारी केंद्रे) चालवणारा वन-स्टॉप ऑपरेटर स्पर्धात्मक पद्धतीने निवडणे, युवक कार्यक्रमांचे पुरवठादार ठरवणे, कामगिरीची उद्दिष्टे गव्हर्नरांशी वाटाघाटी करून निश्चित करणे आणि या सगळ्यावर देखरेख ठेवणे ही कायद्याने त्याच्यावर टाकलेली कामे आहेत. अर्थसंकल्पही मंडळच तयार करते, पण त्याला निर्वाचित अधिकाऱ्याची मंजुरी लागते. म्हणजे सत्ता मुद्दामच दोन हातांत ठेवलेली आहे. ज्या क्षेत्रात हे दोन हात एकमेकांशी बोलत नाहीत तेथे वर्ष-वर्ष निर्णय अडकून पडलेले मी पाहिले आहेत, आणि त्यात नुकसान होते ते नोकरी गमावून दारात उभ्या असलेल्या माणसाचे.

हिशेबतपासनीस (उत्तर)

वरील उत्तराला पैशाच्या बाजूने पुरवणी जोडतो, कारण माझे काम अशाच अनुदानांच्या लेखापरीक्षणाचे आहे.

स्थानिक निधीचा अधिकृत प्राप्तकर्ता मुख्य निर्वाचित अधिकारी असतो आणि निधीचा दुरुपयोग झाल्यास कायदेशीर दायित्व त्याच्यावर येते. तो फिस्कल एजंट नेमू शकतो. ही संस्था निधी स्वीकारते, हिशेब ठेवते आणि मंडळाच्या निर्देशानुसार पैसे अदा करते, मात्र तो निर्देश कायद्याविरुद्ध असेल तर तिने तो पाळायचा नसतो. महत्त्वाची गोष्ट अशी की फिस्कल एजंट नेमल्याने निर्वाचित अधिकाऱ्याचे दायित्व संपत नाही. अनेक काउंट्यांच्या क्षेत्रात हे दायित्व कोणी किती उचलायचे हे त्यांच्या आपसातील करारात लिहिलेले असते; तो करार आपण मागून घ्यावा आणि शेवटपर्यंत वाचावा.

खरी जोखीम एकच संस्था अनेक भूमिका बजावते तेथे असते. काही ठिकाणी एकच संस्था फिस्कल एजंट असते, मंडळाला कर्मचारी पुरवते, वन-स्टॉप ऑपरेटरही तीच असते आणि प्रत्यक्ष सेवाही देते. नियम याला सरसकट मनाई करत नाहीत. पण अशा वेळी ती संस्था, मंडळ आणि निर्वाचित अधिकारी यांच्यात लेखी करार असावा लागतो आणि अंतर्गत नियंत्रण कसे राखले जाईल, हितसंबंधांचा संघर्ष कसा टाळला जाईल हे त्यात स्पष्ट करावे लागते. मंडळाने स्वतः प्रशिक्षण देऊ नये, हा नियम आहे. गव्हर्नरांनी सूट दिली तरच ते शक्य होते. करिअर सेवा (नोकरी शोधण्यास मदत, समुपदेशन वगैरे) मंडळाने स्वतः द्यायच्या असतील तरी निर्वाचित अधिकारी आणि गव्हर्नर या दोघांची संमती लागते. जो ठेका देतो त्यानेच ठेका घेऊ नये, इतके हे सरळ आहे, आणि तरीही लेखापरीक्षणात सर्वाधिक आक्षेप मला याच जागी लिहावे लागले आहेत. प्रशासकीय खर्चावर स्थानिक निधीच्या दहा टक्क्यांची मर्यादा आहे. अर्थसंकल्पात तो आकडा प्रथम पाहावा.

माजी रोजगार समुपदेशक (उत्तर)

मी अशा एका केंद्रात समुपदेशक होते. कायद्यातील रचना दोघांनी अचूक मांडली आहे, पण कागदावरची देखरेख आणि प्रत्यक्षातील देखरेख यांतील अंतर नव्या सदस्याला कोणी सांगत नाही. कार्यसूची कर्मचारी तयार करतात, जाडजूड कागदपत्रे बैठकीच्या आदल्या दिवशी येतात आणि वीस-पंचवीस व्यस्त माणसे दीड तासात सगळे संमत करतात. आमच्याकडे ऑपरेटरची निवड दर चार वर्षांनी नियमाप्रमाणे होत असे, पण निविदेची मुदत आणि अटी अशा असत की प्रत्येक वेळी अर्ज एकाच संस्थेचा येई. त्यावर प्रश्न विचारणारा एकही सदस्य मी पाहिला नाही, याचे मला आजही वाईट वाटते.

आपण स्थायी समितीत काम करावे, असा माझा आग्रह राहील. वन-स्टॉप व्यवस्था, युवक आणि अपंग व्यक्तींना मिळणाऱ्या सेवा या विषयांसाठी मंडळ समित्या नेमू शकते आणि त्यांत मंडळाबाहेरचे जाणकारही घ्यावे लागतात. खरी चर्चा तेथेच होते. कामगिरीचे आकडे पाहताना कार्यक्रमातून बाहेर पडल्यानंतरच्या दुसऱ्या तिमाहीत किती जण नोकरीत होते एवढ्यावर थांबू नका. चौथ्या तिमाहीचाही निर्देशांक असतो, आणि माणूस कामावर टिकला की नाही हे तो सांगतो.

लघुउद्योजक

सर्वांचा अत्यंत आभारी आहे. वेतनभरपाईच्या शंकेबद्दल कोणी नेमके सांगू शकेल का? पुढील वर्षी आणखी एका कामगारासाठी अर्ज करण्याचा माझा विचार होता.

मंडळ सदस्य

तो मुद्दा माझ्याकडून राहिला, क्षमस्व. संघीय कायद्यानुसार सदस्याला स्वतःने किंवा तो ज्या संस्थेचा प्रतिनिधी आहे तिने पुरवायच्या सेवांबाबत, तसेच स्वतःला किंवा निकटच्या कुटुंबीयांना थेट आर्थिक लाभ होईल अशा विषयावर मतदान करता येत नाही. म्हणजे पूर्वीची भरपाई आपल्या सदस्यत्वाच्या आड येत नाही. नव्या अर्जाच्या वेळी मात्र आपण हितसंबंध लेखी जाहीर करावा, चर्चा सुरू होताच खोलीबाहेर जावे आणि त्याची नोंद इतिवृत्तात झाली आहे याची स्वतः खात्री करावी. गव्हर्नर याहून कडक बंधने घालू शकतात आणि मंडळाच्या उपविधींतही ती असू शकतात, म्हणून अर्ज करण्यापूर्वी आपल्या राज्याचे धोरण संचालकांकडून लेखी मागवा. बैठका खुल्या असतात आणि इतिवृत्त जनतेला उपलब्ध करून द्यावे लागते. तेव्हा नियुक्तीपत्रावर सही करण्याआधी मागील वर्षाची इतिवृत्ते मागवा आणि मतदानापासून दूर राहिलेल्या सदस्यांची नोंद त्यांत सापडते का, ते पाहा.