अनुभव धागा: घरचा सबवूफर, जोडणी आणि जुळवणी

डावा_कान
समोरच्या विंगेत काल नवीन भाडेकरू आले. फ्रीज, कपाट सगळं हमालांनी चढवलं, पण एक काळा चौकोनी ठोकळा मात्र त्या गृहस्थांनी स्वतः छातीशी धरून वर नेला. बघताक्षणी ओळखलं, सबवूफर! म्हणजे फक्त खर्जाचा, बेसचा आवाज काढणारा वेगळा स्पीकर, लाडाने 'सब'.

आमच्याकडे असाच एक काकाने दुबईहून आणला होता. घरात बाबांचा लाडका जुना स्टिरिओ ॲम्प, मागे फक्त डाव्या-उजव्या स्पीकरची टर्मिनलं. सबची वायर लावायचं सब-आउट नावाचं भोक कुठेच नाही. आई म्हणाली, स्टूल करा त्याचं. मग बाबा पुण्याच्या तपकीर गल्लीत एका रिपेअरवाल्यांना विचारून आले. ते म्हणाले, सबच्या मागे लाल-काळ्या क्लिपा आहेत ना, ॲम्पच्या त्याच स्पीकर टर्मिनलांतून वायरची आणखी एक जोडी काढून तिथे द्या. स्पीकर आहेत तसे राहू द्या. सबचा स्वतःचा ॲम्प आत असतो, तो वरच्या ॲम्पकडून करंट जवळजवळ घेतच नाही, त्यामुळे लोड वाढत नाही.

लावलं. बाबांनी तबल्याची कॅसेट टाकली आणि डग्ग्याचा घुमारा आम्ही पहिल्यांदा ऐकला. तोवर डग्गा म्हणजे नुसती टपटप. आजी आतून बघायला आली, कोण आलंय म्हणून.

तुमच्याकडे कसा आला, कुठे ठेवलात, काय काय झालं ते लिहा.

सोल्डरगन
स्पीकरच्याच वायरीवरून सब चालवायचा, याला म्हणतात हाय लेव्हल इनपुट! भारी माणूस होता तो रिपेअरवाला. फक्त हे आत ॲम्प असलेल्या सबलाच चालतं. होम थिएटर सेटमधला नुसता डबा असा समांतर जोडलात तर ॲम्पवर खरंच लोड येतो. आणि हल्लीच्या काही क्लास डी ॲम्पमध्ये काळं टर्मिनल म्हणजे ग्राउंड नसतं, तिथे ही जोडणी ॲम्पला बाधू शकते. आधी मॅन्युअल वाचा.

कुकर_तिसरी_शिट्टी
फोनवरून लिहितेय, चुका पोटात घाला. आमच्याकडे नवऱ्याने कुठेतरी वाचलं की सब आपल्या बसायच्या जागी ठेवायचा, गाणं लावायचं आणि आपण भिंतीच्या कडेने रांगत फिरायचं. जिथे बेस भरीव आणि सारखा येईल ती सबची जागा. झालं. सब सोफ्यावर, हा फरशीवर. सासूबाई देवळातून आल्या, दारातच थबकल्या. "काय हरवलंय रे?" तर म्हणे "बेस शोधतोय आई." त्यांनी चष्मा लावून दोन मिनिटं शोधायला मदत पण केली

जागा सापडली ती नेमकी देव्हाऱ्याखाली. अर्थातच तिथे ठेवू दिला नाही.

आळशी_अस्वल
"शोधायला मदत पण केली" 😂😂 सासूबाईंना नमस्कार सांगा

४०_हर्ट्झ
हसताय काय, पद्धत अगदी बरोबर आहे. आमचा हॉल १४ फूट लांब, म्हणजे साधारण ४.३ मीटर. आवाजाचा वेग सेकंदाला ३४३ मीटर. खोलीच्या लांबीच्या दुपटीने भागा: ३४३ भागिले ८.६, आले ४० हर्ट्झ. त्या सुराची लाट दोन भिंतींमध्ये अडकून उभी राहते. भिंतीशी दणदणीत, खोलीच्या बरोबर मध्ये जवळजवळ शून्य. बेस गिटारची सगळ्यात जाड तार ४१ हर्ट्झची. आमचा सोफा बरोबर मध्ये होता, तर तो एक सूर दर वेळी गायब! गेन (सबच्या आवाजाचा नॉब) कितीही पिळा, तो येणारच नाही, बाकीचे मात्र डोकं उठवणार. सोफा दीड फूट मागे सरकवला आणि प्रश्न मिटला. बायको म्हणते सोफा आता जाण्यायेण्याच्या वाटेत येतो. त्यावर माझ्याकडे सूत्र नाही.

खर्जातला_सा
नवीन लोकांसाठी माझं साधं गणित. क्रॉसओव्हर, म्हणजे ज्या सुराच्या खालचा आवाज सबने वाजवायचा ती हद्द, ८० हर्ट्झच्या आसपास, लहान बुकशेल्फ स्पीकर असतील तर १०० पर्यंत. गेन आधी शून्यावर, मग हळूहळू वर. एखादं ओळखीचं गाणं लावा, शक्यतो ज्यात पखवाज किंवा डबल बेस आहे असं. आवाज खोक्यातून येतोय असं वाटायला लागलं की थोडं मागे या. बंद केल्यावर चुकल्याचुकल्यासारखं वाटलं पाहिजे, चालू असताना लक्ष जाता कामा नये. आमचे बहुतेक पाहुणे गेन पूर्ण वर नेऊन "वा, काय बेस आहे" म्हणतात. तो बेस नाही, ती गिरणी.

सोल्डरगन
+१. आणि एव्ही रिसीव्हर असेल तर सबवरचा क्रॉसओव्हर नॉब पूर्ण वर किंवा 'एलएफई'वर (सबची गाळणी वगळणारी थेट वाट) ठेवा. रिसीव्हर आधीच गाळून देतो, गाळणी एकदाच लागली पाहिजे. रिसीव्हरच्या मेनूत स्पीकर 'स्मॉल' करा, म्हणजे त्यांचा बेस सबकडे जातो. नावाला घाबरू नका, मोठ्या टॉवरनाही स्मॉल म्हटलं तर त्यांचा अपमान होत नाही.

पेठेतली_माऊ
सबवूफर म्हणजे डीजेवाले लावतात तेच ना? आमच्याकडे विसर्जनाला कपाटातली भांडी नाचतात. घरात कशाला हवं हे संकट विकत 🙏

कुकर_तिसरी_शिट्टी
@पेठेतली_माऊ अगदी अगदी. आमच्या बाळाला घेऊन आम्ही माहेरी पळतो त्या दिवशी. तुम्ही कुठल्या पेठेत? माझं माहेर नारायण पेठ

पेठेतली_माऊ
शनिवार! मग तर शेजारीच. व्यक्तिगत निरोप करते.

४०_हर्ट्झ
नियमाने निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर बंद (२००० सालचे नियम). पण गंमत अशी की ते मोजमाप 'ए' वजनाचं, त्यात ५० हर्ट्झचा आवाज साधारण ३० डेसिबलने कमी धरला जातो. म्हणून मोबाइलमधलं ॲप निवांत आकडा दाखवतं आणि आपल्या खिडक्या थरथरत असतात.

मांडणीतलं_ताट
भांडी नाचण्यावरून. आमचा सब हॉलमध्ये आणि थरथरते स्वयंपाकघरातली मांडणी. एका ठराविक सुरालाच, इतर वेळी गुपचूप. शेवटी मुलीने यूट्यूबवरून २० ते २०० हर्ट्झ चढत जाणारा सूर लावला आणि मी प्रत्येक ताटावर हात ठेवत फिरले. ताटं निर्दोष निघाली! वाजत होतं शोकेसच्या सरकत्या काचेचं चॅनेल. खुर्चीच्या पायाला लावतात ते फेल्टचे स्टिकर चिकटवले, चूप.

जर्सीकर
इकडे अमेरिकेत लाकडी फ्लोअर, खालच्या आजी झाडूच्या दांड्याने छत ठोकतात. जाड फोमचा पॅड घातला खाली, ठोकणं कमी झालं, थांबलं नाही. आता रात्री नऊनंतर सब बंद. पुढच्या वर्षी कायमचे परत येतोय. हा सब तिकडे चालेल का?

सोल्डरगन
मागे ११५/२३० चा सरकता स्विच आहे का बघा. असेल तर भारतात प्लग घालायच्या आधी २३० वर. नसेल तर लेबल वाचा, नुसतं १२० लिहिलं असेल तर स्टेप डाऊन ट्रान्सफॉर्मर लागेल, सबच्या वॉटेजपेक्षा चांगला मोठा. त्याचं वजन बघता इकडे येऊन नवीनच घ्या.

आळशी_अस्वल
माझा सब गाणं नसताना पण घूंऽऽऽ करतो. काही उपाय? इलेक्ट्रिशियन म्हणाला तीन पिनमधली जाड पिन काढून टाक

खर्जातला_सा
अजिबात नाही!!! ती आर्थिंगची पिन आहे. घूं जाईल पण दोष आला तर डब्याला हात लावताच शॉक बसेल. दुसरा इलेक्ट्रिशियन बघ.

सोल्डरगन
टीव्हीच्या सेटटॉप बॉक्सची केबल उपटून बघ. घूं थांबलं तर ग्राउंड लूप (आर्थिंगला दोन वाटा मिळाल्या की येणारी घूं) तिथून येतोय, केबलवर तो तोडणारा आयसोलेटर मिळतो तो लाव. शिवाय टीव्ही, ॲम्प, सब सगळं एकाच बोर्डावर घे.

आळशी_अस्वल
उपटली. शांत झाला!! आई सिरियल बघत होती पण. नंतर बोलतो

डावा_कान
फेजच्या स्विचबद्दल कोणी लिहिलं नाही अजून. ० आणि १८०, सबची लाट स्पीकरच्या लाटेशी जुळवायला. आम्ही दोघं करतो: मी सोफ्यावर डोळे मिटून, भाऊ मागे स्विच खालीवर करतो. ज्या बाजूला बेस जास्त भरतो ती ठेवायची. दोन्हीकडे सारखाच वाटला तर शून्यावर ठेवून चहा प्यायचा.

नवाकोरा
नमस्कार, आजच आणलाय, खूप माहिती मिळाली. माझ्या ॲम्पला सब आउटची एकच पिन आहे आणि सबला लाल-पांढरी अशी दोन भोकं. दुसरीचं काय करू?

सोल्डरगन
ज्या भोकाशेजारी एलएफई लिहिलंय त्यात एकच केबल लाव, दुसरं रिकामं ठेव. लिहिलेलं नसेल तर कुठल्याही एकात. आवाज कमी वाटला तर वाय केबल घेऊन दोन्हीत. आणि मागचा 'ऑटो'चा स्विच 'ऑन'वर कर, नाहीतर हळू आवाजात हे खोकं मधेच झोपी जातं.

नवाकोरा
एलएफई लिहिलंय! लावतो. क्रॉसओव्हरचा नॉब सापडत नाहीये पण

कुकर_तिसरी_शिट्टी
मागे असतो. आमच्याकडे पण टॉर्च घेऊनच बघावं लागतं