मदत हवी आहे : नाकात जंतू सापडला, आई ठणठणीत. शरीर त्याला हाकलत का नाही?

आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलंय, कृत्रिम सांधा बसवणार आहेत. त्याआधी नाकात कापसाची काडी फिरवून नमुना घेतला, आणि रिपोर्टमध्ये 'स्टॅफिलोकॉकस ऑरियस' आला. नाकपुड्यांत लावायला पाच दिवसांचं मलम मिळालं, "हे बऱ्याच जणांत असतं" असं डॉक्टर म्हणाले आणि विषय संपला. उपचारांबद्दल शंका नाही, ते सुरू आहेत. माझ्या डोक्यातला प्रश्न वेगळाच आहे.

हाच जंतू गळवं करतो, रक्तात शिरला तर जिवावर बेततं. आणि आईला साधी शिंकही नाही! वाचलं तर कळलं, जवळपास ३० टक्के लोकांच्या नाकात तो असतो. मग प्रतिकारशक्तीला तो दिसत नाही, की दिसूनही ती गप्प बसते? 'पांढऱ्या पेशी सैनिक, जंतू शत्रू' हे शाळेतलं चित्र डोक्यातून जात नाही, आणि त्यात हे कुठेच बसत नाही. आतड्यांबद्दल वाचायला गेलो तर आणखीच गोंधळलो. शरीरात म्हणे सुमारे ३८ लाख कोटी जीवाणू, बहुतेक सगळे मोठ्या आतड्यात, आणि त्यांच्या नि आपल्यामध्ये पेशींचा एकच थर. जाणकारांनी जरा सोपं करून सांगावं.

प्रतिसाद १

दिसतो की. बहुतेक मोठ्या माणसांच्या रक्तात या जंतूविरुद्धची प्रतिपिंडं (जंतू ओळखून त्याला चिकटणारी प्रथिनं) असतात. 'कोण आहे' यापेक्षा 'कुठे आहे आणि काय नासधूस करतोय' यावर शरीर जास्त ठरवतं, असं धरून बघा. नाकपुडीच्या अगदी पुढच्या भागात, जिथे केस असतात, तिथे हा जंतू त्वचेच्या वरच्या मेलेल्या पेशींना चिकटून राहतो. एका अर्थी तो अजून घरात आलेलाच नाही, उंबऱ्याबाहेर पायपुसण्यावर बसलाय.

आतड्याचं तर फार सुंदर आहे. मोठ्या आतड्यात शेंबडासारख्या श्लेष्माचे दोन थर असतात. बाहेरच्या सैल थरात जीवाणू नांदतात, पेशींना लागून असलेल्या घट्ट थरात जवळजवळ नसतातच. जीवाणूंची शेपटी ओळखणारा एक संवेदक (टीएलआर-५) आतड्याच्या पेशींवर मुख्यतः आतल्या बाजूला असतो. म्हणजे घंटा भिंतीच्या आत लावलीय, कुणी भिंत ओलांडली तरच वाजायची. आयजीए नावाची प्रतिपिंडं रोज काही ग्रॅम आतड्यात सोडली जातात. ती जीवाणूंना लपेटून पेशींपासून लांब ठेवतात, पण भडका उडवत नाहीत. तरीही एखादा आत आलाच, तर तिथल्या भक्षक पेशी त्याला गिळतात, मारतात आणि आरडाओरडा करत नाहीत.

प्रतिसाद २

वरच्या प्रतिसादात ब्रेक राहिला. नियंत्रक टी-पेशी, म्हणजे बाकीच्या सैनिकांना आवरणाऱ्या पांढऱ्या पेशी! साकागुची या शास्त्रज्ञांनी १९९५मध्ये त्या दाखवल्या, ब्रंकॉ आणि रॅम्सडेल यांनी २००१मध्ये या पेशींना लागणारं फॉक्सपी-३ हे जनुक शोधलं, आणि तिघांना २०२५चं नोबेल मिळालं. हे जनुक बिघडलेल्या बाळांचं शरीर स्वतःवरच उलटतं. न थांबणारे जुलाब हे त्यातलं ठळक लक्षण. गंमत म्हणजे आतड्यातले जीवाणू अन्नातले तंतू आंबवून ब्युटिरेट नावाचा पदार्थ तयार करतात, आणि त्यामुळे या पेशी वाढतात. म्हणजे आतड्यात राहणारेच ब्रेक मजबूत करतात.

या सगळ्याला शरीराने जंतूंना 'सहन करणं' म्हणतात, तो शब्द मला मात्र खटकतो. रोज इतकी प्रतिपिंडं ओतणं ही सहनशीलता नाही, डोळ्यांत तेल घालून केलेला बंदोबस्त आहे.

धागाकर्ता

पायपुसण्याचं उदाहरण आईला वाचून दाखवलं, ती हसली. पण तो बाहेरच बसलाय, तर मलम कशाला?

प्रतिसाद १

कारण ऑपरेशनमध्ये डॉक्टर स्वतःच दार उघडणार आहेत. नाकातला जंतू हाताने त्वचेवर येतो, त्वचेवरून जखमेत. त्यात सांधा कृत्रिम. धातू-प्लॅस्टिकवर जंतूंनी थर धरला की पांढऱ्या पेशींचं आणि औषधांचं फारसं चालत नाही.

धागाकर्ता

आता पटलं. आई विचारतेय, मलम संपल्यावर तो परत येईल का?

प्रतिसाद १

बऱ्याच जणांत काही महिन्यांत येतो. येऊ दे. जखम भरेपर्यंत नसला म्हणजे झालं.