भाच्याच्या खिशात लायटर सापडला
प्रश्न: भाचा नववीत आहे. शर्टाच्या बाहीला धुराचा वास, खिशात लायटर. घरात कुणीच ओढत नाही. मग पोरं सुरुवात करतात तरी कशी? जीव टांगणीला लागलाय.

उत्तर १: ताई, पहिली सिगारेट बहुधा मित्रच पुढे करतो. ठसका लागतो, मळमळतं, डोकं गरगरतं. तरी पोरं ओढतात, कारण घोळक्यातून बाहेर पडायची भीती मोठी. काही सिगारेटींत मेंथॉल (पुदिन्यासारखा गारवा देणारा पदार्थ) असतं, त्याने घसा गार पडतो, म्हणून नवख्यांना अशी सिगारेट सोपी जाते.

उत्तर २: तंबाखूतलं सवय लावणारं निकोटिन काही सेकंदांत मेंदूत पोचतं, आणि मेंदूची घडण साधारण २५व्या वर्षापर्यंत चालते, म्हणून या वयात सवय लवकर जडते. रोज ओढायला लागण्याआधीच काहींना तलफ येते. ‘कधीतरीच ओढतो’ यावर विसंबू नका.

उत्तर ३: ओरडू नका, पोरगं लपवायला शिकेल. कुणासोबत, केव्हा ओढावीशी वाटते, ते जवळ बसवून विचारा.