मदत हवी आहे : अकरा वर्षं लिहितेय, पण माझं म्हणून दाखवायला एक पान नाही

तळटीप

नमस्कार मंडळी,

बरीच वर्षं नुसती वाचक आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. लांबलाय, सांभाळून घ्या.

मी टेक्निकल रायटर आहे. सॉफ्टवेअर कसं बसवायचं, एरर आली तर काय करायचं, एपीआयला (दोन प्रोग्रॅम एकमेकांशी ज्यातून बोलतात त्या दुव्याला) काय विचारलं की काय उत्तर येतं, हे सगळं लिहिते. अकरा वर्षांत हजारेक पानं तरी झाली असतील. एकावरही माझं नाव नाही. मॅन्युअलवर लेखकाचं नाव नसतंच, आणि त्याचं कधी वाईटही वाटलं नव्हतं. वाचणाऱ्याला 'हे कुणीतरी लिहिलंय' असं जाणवलंच नाही तर काम जमलं, अशा मताची मी.

आता पंचाईत झालीय. आमचा विभाग दुसऱ्या विभागात विलीन होणार अशी कुजबुज आहे. जाहीर काही नाही, पण रिकाम्या झालेल्या जागा भरल्या जात नाहीयेत. म्हणून गुपचूप दोन मुलाखती दिल्या. दोन्हीकडे तेच : "तुमचं ऑनलाइन काही सापडलं नाही. नमुना पाठवाल का?" काय पाठवू? अर्धं काम कंपनीच्या आतल्या वापराचं, त्यावर गोपनीयतेचा करार. उरलेलं लॉगिन केल्याशिवाय दिसत नाही.

त्या रात्री स्वतःचं नाव अवतरणचिन्हांत घालून खासगी विंडोत गूगल केलं. एक दंतवैद्य निघाली, एक धावपटू, आणि एका बाईंच्या निधनाची बातमी. मी थेट तिसऱ्या पानावर : कुठल्याशा फोरमवर 'प्रिंटर चालत नाही, कृपया मदत करा' अशी जुनी विनवणी. मॅन्युअल लिहिणाऱ्या बाईची इंटरनेटवरची एकमेव खूण ही!

मग कामाला लागले. एका 'पर्सनल ब्रँडिंग'च्या कोर्सला पैसे भरले (नाव सांगत नाही, माझीच चूक). तिथे सांगितलं, रोज एक पोस्ट टाका, एकवीस दिवस. मी नऊ दिवस टाकल्या. 'अपयशाने मला काय शिकवलं' वगैरे. चार लाइक, त्यातला एक जाऊबाईंचा. दहाव्या दिवशी स्वतःच्याच पोस्टा वाचल्या आणि कानाच्या पाळ्या गरम झाल्या. सगळ्या उडवल्या.

नंतर लिंक्डइनवरच्या जुन्या नोंदी नीट करताना सध्याच्या हुद्द्याची तारीख बदलली, तर 'नव्या जबाबदारीबद्दल अभिनंदन'चे मेसेज सुरू. त्यात आमचे साहेब. "काय, नवीन जबाबदारी?" मी म्हटलं, तारीख दुरुस्त केली हो. ते हसले, पण माझी झोप उडाली.

अवांतर : हे 'स्वतःचा ब्रँड' प्रकरण फेसबुकच्याही आधीचं आहे. टॉम पीटर्सने १९९७ साली 'फास्ट कंपनी' मासिकात लेख लिहून ते गाजवलं, म्हणजे आपण उगाच समाजमाध्यमांना शिव्या घालतो.

तर विचारायचं असं, की करार न मोडता नमुने कुठून आणू? स्वतःची वेबसाइट करू की लिंक्डइन पुरे? माझ्या नावाच्या इतक्या बायका असताना मी सापडणार कशी? आणि साहेबांना सुगावा न लागता हे कसं करायचं? रोज पोस्ट टाकणं सोडून काहीही सांगा.

जुनाखांब

मी टेक्निकल रायटर नेमणाऱ्या बाजूला बसतो, म्हणून आधी तिकडचं सांगतो. उमेदवाराच्या पोस्टा मी वाचत नाही. प्रोफाइलची वरची ओळ वाचतो आणि एक नमुना उघडतो. तो दोन मिनिटांत आवडला तर पुढे.

त्या वरच्या ओळीला लिंक्डइन २२० अक्षरं देतं. बहुतेक लोक तिथे नुसता हुद्दा टाकून मोकळे होतात. 'सीनियर टेक्निकल रायटर' वाचून मला काय कळणार? 'पेमेंट एपीआयचं डॉक्युमेंटेशन लिहिते. नवख्या डेव्हलपरचा पहिला कॉल पहिल्याच दिवशी चालावा यासाठी' असं असेल तर मी थांबतो. तुमचं क्षेत्र वेगळं असेल, पण कुणासाठी लिहिता आणि त्याने त्यांचं काय सुटतं, हे दिसू द्या. शोधात सापडायचं तर 'टेक्निकल रायटर' हे शब्दही त्या ओळीत हवेत, नाहीतर फार सुंदर लिहून अदृश्य राहाल.

नमुन्यांचं म्हणाल तर ओपन सोर्समध्ये, म्हणजे ज्यांचा कोड सगळ्यांसाठी खुला असतो अशा प्रकल्पांत, जा. तिथे कोड लिहिणारे पुष्कळ, पण इन्स्टॉलेशनचं पान कुणालाच लिहायचं नसतं. तुम्ही स्वतः वापरता असं एखादं साधन निवडा, त्याच्या सूचना कोऱ्या मशीनवर शब्दशः पाळून बघा. जिथे अडखळाल ते तुमचं काम. दुरुस्ती करा, पुल रिक्वेस्ट (हा बदल घ्या अशी विनंती) पाठवा. ती स्वीकारली गेली की गिटहबवर (असे प्रकल्प जिथे ठेवतात त्या साइटवर) नावानिशी, तारखेनिशी राहते, आधीचं वाक्य आणि नंतरचं वाक्य शेजारी-शेजारी. मला यापेक्षा चांगला नमुना माहीत नाही, कारण अनोळखी माणसाने सुचवलेल्या बदलांना तुम्ही कसं उत्तर दिलंत तेही खाली दिसतं.

एक खाचखळगा : गिटमध्ये (बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात) जो ईमेल लावाल तो गिटहबच्या खात्यातही जोडलेला हवा. नाहीतर कमिट (बदलांच्या नोंदी) होतात, पण तुमच्या प्रोफाइलवर मोजले जात नाहीत. आणि ऑफिसच्या ईमेलवरून, ऑफिसच्या लॅपटॉपवरून यातलं काही करू नका.

'राइट द डॉक्स' नावाचा तुमच्याच धंद्यातल्या लोकांचा समुदायही आहे, २०१३ पासून परिषदा भरवतो. तिथे नुसतं वाचत बसलात तरी चालेल.

कलमकसाई

वरच्याशी सहमत. कराराबद्दल थोडं, कारण माझा रोजचा धंदा तोच.

बऱ्याच देशांत नोकरीचा भाग म्हणून लिहिलेल्या मजकुराचा कॉपीराइट मालकाकडे जातो. म्हणजे जे मॅन्युअल आज लॉगिनशिवाय दिसतंय त्याची लिंक देऊन 'यातला हा भाग मी लिहिला' म्हणणं सहसा ठीक, पण तीच पानं स्वतःच्या साइटवर चिकटवणं वेगळं. ग्राहकाचं नाव काळं करून अंतर्गत कागद दाखवणं तर अजिबात नको. नाव झाकलं तरी स्क्रीनशॉटवरून जाणकार उत्पादन ओळखतात. शिवाय मुलाखत घेणारा मनात म्हणतो, ही उद्या आमचेही कागद असेच दाखवेल.

तुमचा करार पुन्हा वाचा, विशेषतः नोकरी सुटल्यावर काय लागू राहतं ते कलम. आणि निघताना, वातावरण गोड असेपर्यंत, दोन-तीन पानांसाठी लेखी परवानगी मागा. साधा ईमेल चालतो. तोंडी 'हो हो, दाखव की' म्हणणारे साहेब वर्षभराने तिथे नसतात. आता मात्र मागू नका, तोच सुगावा ठरेल.

भाडेकरू

वेबसाइट की लिंक्डइन, यावर माझं मत ठाम आहे आणि ते माझ्या सदस्यनामात आहे. जिओसिटीज २००९ मध्ये गेलं, ऑर्कुट २०१४ मध्ये, गूगल प्लस २०१९ मध्ये. ऑर्कुटवर माझा चांगला जमलेला गट होता, राहिलं काय? लिंक्डइनवर जरूर असा, पण तो भाड्याचा फ्लॅट. स्वतःच्या नावाचं डोमेन घ्या. नोंदणी स्वतःच्या ईमेलवर करा, साइट बनवून देणाऱ्या ओळखीच्या मुलाच्या नावावर नको, आणि नूतनीकरण आपोआप होईल असं ठेवा. गिटहब पेजेसवर साधी साइट फुकट चालते. एक पान पुरे : तुम्ही कोण, तीन नमुने, ईमेल.

नावाची गोम सोपी आहे. मधल्या नावासकट एक रूप ठरवा आणि डोमेन, लिंक्डइनचा पत्ता, गिटहब, रेझ्युमे, सगळीकडे तेच, त्याच स्पेलिंगने वापरा. फोटोही एकच. दंतवैद्यबाईंना हरवायचं नाहीये, तुमचा रेझ्युमे हातात असलेल्या माणसाने नाव टाकल्यावर खात्री पटावी एवढंच हवंय. आणि ती प्रिंटरची पोस्ट राहू द्या हो, मला तर तेवढ्यावरून तुम्हाला नोकरी द्यावीशी वाटली.

नाहीपटत

सगळे छान सांगताहेत, पण तुमचा वेळ भलतीकडे जातोय असं मला वाटतं. साइट बनेल, पुल रिक्वेस्टला महिना लागेल, तोवर विभाग बुडालेला असेल.

नोकरी माणसांकडून येते, आणि तीही जवळच्यांकडून कमी. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटरने हे १९७३ मध्येच मांडलं : जवळच्या माणसांना तेच ठाऊक असतं जे आपल्याला, नवी खबर लांबच्या ओळखीतून येते. २०२२ मध्ये 'सायन्स'मध्ये लिंक्डइनवरचा मोठा अभ्यास आला, दोन कोटींहून जास्त सदस्यांवरच्या प्रयोगांचा. त्यातही नोकरी बदलायला सर्वांत उपयोगी ठरल्या त्या मध्यम विरळ ओळखी. अगदी अनोळखी नाही, अगदी घट्टही नाही.

तुमच्याकडे त्या अकरा वर्षांच्या आहेत. ज्या डेव्हलपरांसाठी लिहिलंत, ज्या सपोर्टवाल्यांचे फोन तुमच्या पानांमुळे कमी झाले, त्यातले निम्मे आज दुसरीकडे असतील. दहा जणांना एकेक मेसेज करा. 'काही असेल तर कळवा' असं नको, त्यावर कुणी काही कळवत नाही. त्यांच्याबरोबर केलेलं एक काम आठवून द्या आणि नेमकं विचारा : तुमच्याकडे डॉक्युमेंटेशन कोण बघतं, त्यांच्याशी बोलता येईल का?

जुनाखांब

@नाहीपटत, अर्धं पटलं. तुमच्या त्या मध्यम विरळ ओळखीने नाव सुचवलं तरी शेवटी ते माझ्याकडे येतं, आणि मी नमुना मागतोच.

तळटीप

सगळ्यांचे आभार. तीन आठवड्यांनी लिहितेय, काही झालं असेल तरच लिहायचं असं ठरवलं होतं.

आधी नाहीपटत यांचं ऐकलं, कारण ते सर्वांत नकोसं वाटत होतं. नऊ जणांना लिहिलं, पाच जणांनी उत्तर दिलं. सपोर्टमधल्या एका जुन्या सहकारीणीने लिहिलं, "तुझं ते एरर कोडचं पान मी नवीन नोकरीतही दाखवते, असं करा म्हणून." अकरा वर्षांत हे मला कुणी सांगितलं नव्हतं. तेच लिंक्डइनवर शिफारस म्हणून लिहून दे म्हटलं, तिने दिलं. उत्पादनाचं नाव न घेता, कलमकसाई, काळजी नसावी.

मी वापरते त्या एका नोट्सच्या ॲपची इन्स्टॉलेशनची पायरी चुकीची होती. दुरुस्ती पाठवली. त्यांनी माझं एक वाक्य परत पाठवलं, 'फार लांब आहे' म्हणून. बरोबर होतं त्यांचं. आता ती मर्ज झालीय, म्हणजे त्यांच्या मजकुरात घेतली गेलीय. डोमेनही घेतलं, साइट अजून कोरी आहे.

एकच अडलंय. लिंक्डइनवर ते 'ओपन टू वर्क' (नोकरी शोधतेय हे सांगणारी खूण) चालू करू का? त्यात 'फक्त रिक्रूटरांना दिसेल' असा पर्याय आहे.

कलमकसाई

तो पर्याय निवडला की फोटोभोवती हिरवी पट्टी येत नाही, आणि तुमच्याच कंपनीच्या रिक्रूटरांपासून ते लपवायचा प्रयत्न लिंक्डइन करतं. पण पूर्ण हमी देत नाही, हे त्यांनीच लिहून ठेवलंय. प्रोफाइलमधले बदल नेटवर्कला कळवायचे की नाही याचीही सेटिंग आहे, ती आधी बंद करा. साहेबांचे अभिनंदन त्यातूनच आले होते.

तळटीप

ती बंद केली. 'ओपन टू वर्क' सध्या नको. त्या सहकारीणीच्या कंपनीत डॉक्युमेंटेशन बघणाऱ्या बाईंशी गुरुवारी बोलणं ठरलंय, त्याआधी साइटवर निदान ते एक वाक्य चढवते. आधीचं आणि नंतरचं, दोन्ही.